अॅरिस्टॉटलचे साहेब आणि रानड्यांचा निबंध : सर अलेक्झांडर ग्रँट



आजचा लेख एका ग्रीक पंडिताच्या जीवनावर आहे. पण सुरुवात माझ्या वर्गातल्या एका वहीपासून करते, कारण त्या वहीमुळेच मी या माणसाबद्दल वाचायला लागले.

चौथीच्या मुलांना 'माझी शाळा' हा निबंध दिला होता. सगळ्या वह्यांत तेच. शाळेचे मैदान मोठे आहे, बाई प्रेमळ आहेत, मला माझी शाळा खूप आवडते. एका मुलाने मात्र लिहिले होते, "आमच्या बाई प्रश्न विचारा म्हणतात. पण विचारला की म्हणतात, आता नको, नंतर." मी लाल पेनने त्या ओळीखाली रेघ मारली, 'असे लिहू नये' असा शेरा दिला आणि १० पैकी ४ गुण दिले. शुद्धलेखन त्याचे बऱ्यापैकी होते. ४ गुण कशाचे, हे मला आतून माहीत होतं.

वही घेताना तो एवढंच म्हणाला, "बाई, मग खोटं लिहायचं होतं का?"

त्याच आठवड्यात न्यायमूर्ती रानड्यांवर परिपाठासाठी माहिती काढत होते. तेव्हा त्यांच्या विद्यार्थिदशेतला एक प्रसंग वाचनात आला. तिथेही एक निबंध होता आणि न आवडलेला निबंध वाचणारे एक शिक्षक होते. ते शिक्षक म्हणजे सर अलेक्झांडर ग्रँट. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे त्या काळातले नावाजलेले अभ्यासक.

हे 'ग्रँट रोड'वाले ग्रँट नव्हेत

आपण पार्लेकर चर्चगेटची लोकल पकडतो तेव्हा वाटेत ग्रँट रोड स्टेशन लागतं. मुलांना ग्रँट म्हटलं की तेच आठवतं. म्हणून आधीच सांगते, ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावे सर रॉबर्ट ग्रँट यांच्यावरून आली. ते १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. आपले ग्रँट त्यांच्यानंतर वीस-बावीस वर्षांनी मुंबईत आले. त्यांच्या नावाचं स्टेशन नाही. पण मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या दहा वर्षांवर त्यांची छाप आहे.

जन्म आणि शिक्षण

अलेक्झांडर ग्रँट यांचा जन्म १८२६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं. शिक्षण इंग्लंडमध्ये हॅरो शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात झालं. तिथे ग्रीक आणि लॅटिन हेच मुख्य विषय. त्या काळी इंग्लंडमध्ये शिकलेला माणूस म्हणजे ग्रीक-लॅटिन आलेला माणूस, असं समीकरण होतं. आपल्याकडे पूर्वी शास्त्री म्हटलं की संस्कृत आलंच पाहिजे, तसं.

पालकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे. १८४८ मध्ये शेवटच्या परीक्षेत या पुढच्या मोठ्या पंडिताला दुसरा वर्ग मिळाला. अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन फार, हे त्याचं एक कारण. तरी पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडलं. गुणपत्रिकेत न दिसलेलं काहीतरी निवडणाऱ्यांना दिसलं असणार.

ऑक्सफर्डला ते विद्यार्थ्यांना खाजगी शिकवत. विषय बहुधा एकच, अॅरिस्टॉटलचं नीतिशास्त्र. शिकवता शिकवता टिपणं साठली आणि त्यातून त्यांचा मुख्य ग्रंथ तयार झाला. १८५७ पासून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात मूळ ग्रीक पाठ, त्यावर इंग्रजी टिपा आणि सुरुवातीला मोठे निबंध आहेत. अॅरिस्टॉटलच्या आधी ग्रीसमध्ये नीतीचा विचार कसा होत गेला, प्लेटोचं आणि त्याचं नातं काय, अशा विषयांवरचे हे निबंध. ग्रंथाच्या आवृत्त्या पुढे अनेक वर्षं निघत राहिल्या. म्हणजे हा ग्रंथ वर्गातून निर्माण झाला. आपली टिपणवही किती मोलाची असू शकते, हे यावरून कळतं.

अॅरिस्टॉटलने काय सांगितलं? आपल्या भाषेत

ग्रँटसाहेबांनी ज्या ग्रंथावर आयुष्य घालवलं, त्यातल्या तीन गोष्टी समजल्या की पुढचा प्रसंग नीट कळेल.

पहिली गोष्ट, चांगुलपणा हा सवयीने येतो. घर बांधून बांधून गवंडी तयार होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक तयार होतो. तसंच न्यायाने वागून वागून माणूस न्यायी होतो. नुसतं मूल्यशिक्षणाचं पुस्तक वाचून नाही. आपण रोज वर्गात हेच पाहतो. 'खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून कोणी खरं बोलायला लागत नाही. खरं बोलल्यावर काय होतं, यावरून मूल शिकतं.

दुसरी गोष्ट मध्याची. भित्रेपणा हे एक टोक, अविचारी धाडस हे दुसरं टोक, आणि शौर्य त्यांच्या मध्ये. आपण 'अति तेथे माती' म्हणतो ते याच्या जवळ जातं. पण हा मध्य म्हणजे पट्टीने मोजून काढलेला निम्मा भाग नव्हे. वरणात मीठ किती, याचं उत्तर भांड्यावर आणि खाणाऱ्यावर अवलंबून असतं. अॅरिस्टॉटल मल्लाचं उदाहरण देतो. कसलेल्या पैलवानाला जो आहार कमी पडेल, तो नवशिक्याला जास्त होईल. वर्गात पस्तीस मुलं असतील तर 'योग्य' सुद्धा पस्तीस प्रकारचं असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. अॅरिस्टॉटल सतरा वर्षांचा असताना प्लेटोकडे शिकायला आला आणि सुमारे वीस वर्षं तिथे राहिला. इतका ऋणी शिष्य. तरी या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो गुरूचा एक मुख्य सिद्धांत खोडून काढतो. त्याआधी अवघडून म्हणतो की हे करणं जड जातं, कारण ही आपलीच माणसं आहेत. पण गुरू आणि सत्य दोन्ही प्रिय असले तरी आधी सत्याचा मान ठेवला पाहिजे.

ग्रँटसाहेबांनी हा भाग किती वेळा शिकवला असेल, कल्पना करा.

मुंबईतील कार्य

१८५९ मध्ये ग्रँट भारतात आले. आधी मद्रासला शाळा निरीक्षक. म्हणजे आपल्या भाषेत 'तपासणीला येणारे साहेब'. १८६० मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६२ मध्ये प्राचार्य. १८६३ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, १८६५ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे डायरेक्टर. पाच-सहा वर्षांत शाळा, कॉलेज आणि विद्यापीठ या तिन्ही पातळ्यांवर या माणसाचा हात होता.

काळ कोणता, तेही पाहू. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैसा वाहत होता. त्या पैशातला काही विद्यापीठाकडे आला. कावसजी जहांगीर यांनी सभागृहासाठी आणि प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी देणग्या दिल्या त्या याच वर्षांत. प्रेमचंद यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये. तो पाहायला ग्रँट इथे नव्हते.

विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता. फिरोजशहा मेहता हे त्यांचे लाडके विद्यार्थी. १८६४ मध्ये मेहता बी.ए. झाले, आणि बॅरिस्टर होण्यासाठी त्यांना विलायतेला पाठवावं म्हणून रुस्तुमजी जमशेटजी जीजीभॉय यांच्या शिष्यवृत्तीसाठी ग्रँट यांनीच त्यांचं नाव सुचवलं. पुढे मुंबई महापालिकेचा सिंह म्हणून ओळखले गेले ते हेच मेहता. एका शिक्षकाची शिफारस कुठपर्यंत पोचते पाहा.

तो निबंध

आता रानडे. जन्म १८४२, निफाडचा. कोल्हापुरात शिक्षण घेऊन हा मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आला. वाचन इतकं की डोळे अधू झाले. कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकत होता.

रानड्यांच्या चरित्रात येणारा प्रसंग असा. त्यांनी एका निबंधात मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली, आणि ती इंग्रजांना रुचेल अशी नव्हती. निबंध ग्रँटसाहेबांनी वाचला. रानड्यांना बोलावून घेतलं आणि समज दिली. जे सरकार तुला शिकवतंय, तुझ्या लोकांसाठी इतकं करतंय, त्याला नावं ठेवू नयेत, अशा अर्थाची. आणि सहा महिन्यांसाठी शिष्यवृत्ती थांबवली.

मी हे वाचलं आणि माझी ती वही आठवली. 'असे लिहू नये.'

ग्रँट वाईट शिक्षक होते का? मला तसं वाटत नाही. ते सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. १८५७ चा उठाव होऊन चार-पाचच वर्षं झाली होती. वरून काय विचारणा होईल, याची काळजी त्यांना असणारच. आपल्यालाही असते. पालक काय म्हणतील, मुख्याध्यापक काय म्हणतील. पण निबंधात चूक काय, पुरावा कुठे कमी पडतो, हे त्यांनी रानड्यांना लिहायला लावलं असतं तर ते अॅरिस्टॉटलला धरून झालं असतं. त्यांनी मत खोडून काढलं नाही. पैसे थांबवले. गुरूशी मतभेद कसा करावा याचा जगातला सर्वात सुंदर नमुना ज्यांनी टिपांसह छापला, त्यांना स्वतःच्या खोलीत उभा असलेला मतभेद ओळखता आला नाही.

थोडी इतिहासाची गंमतही आहे. रानडे दक्षिणा फेलोसुद्धा होते. दक्षिणा फेलोशिपचा निधी मुळात पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेचा. म्हणजे विद्येला पैसा देण्याची रीत इंग्रजांच्या आधीपासून इथे होती.

दुसरी गोष्ट : मराठीची जागा

याच दशकात विद्यापीठात आणखी एक बदल झाला. सुरुवातीच्या नियमांत इंग्रजीबरोबर घ्यायच्या भाषांत मराठी, गुजराती यांनाही जागा होती. नंतर वरच्या परीक्षांमधून या भाषा मागे पडल्या आणि संस्कृत, लॅटिन अशा प्राचीन भाषा आल्या. ग्रँटसाहेबांचा कल याच बाजूला होता. ग्रीकवर वाढलेल्या माणसाला अभ्यास म्हणजे अभिजात भाषेचा, असंच वाटणार. देशी भाषांत अजून अभ्यासण्यासारखं वाङ्मय कुठे आहे, हा त्या वेळच्या अनेक शिक्षितांचा प्रश्न होता. इथल्याही.

म्हणजे ज्ञानेश्वरी ज्या भाषेत आहे, ती भाषा पदवीच्या अभ्यासाला पुरेशी नाही, असं ठरलं. आज पार्ल्यात आम्ही मराठी शाळेच्या प्रवेशासाठी घरोघरी पत्रकं वाटतो तेव्हा काही पालक वेगळ्या शब्दांत तेच विचारतात, "बाई, मराठीतून शिकून पुढे काय?" प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

शिष्याने काय केलं?

रानड्यांनी गुरूशी भांडण केलं नाही. अभ्यास सोडला नाही. १८६२ ला बी.ए., १८६४ ला एम.ए., १८६६ ला एलएल.बी. १८६८ मध्ये ते त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला उभे राहिले. त्याच वर्षी ग्रँट भारत सोडून गेले.

पुढे न्यायाधीशाची नोकरी सांभाळून त्यांनी त्या दोन्ही गोष्टी पुन्हा हातात घेतल्या.

मराठीसाठी त्यांनी आधी पाया घातला. वाङ्मय नाही म्हणता ना, मग असलेलं मोजून दाखवू. मराठीत किती पुस्तकं झाली, कोणत्या विषयांवर झाली, याचे आढावे त्यांनी घेतले. १८७८ मध्ये लोकहितवादींबरोबर पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र आणलं. आजचं साहित्य संमेलन आपण त्या बैठकीपासून मोजतो. राजाबाई टॉवर पूर्ण झाला तेच हे वर्ष. विद्यापीठात देशी भाषा परत याव्यात म्हणून ते शेवटपर्यंत झटत राहिले. १६ जानेवारी १९०१ ला त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला वाव मिळाला.

आणि तो निबंध? १९०० मध्ये रानड्यांचं 'राइज ऑफ द मराठा पॉवर' हे पुस्तक आलं. मराठ्यांचं राज्य म्हणजे लुटारूंचा योगायोग नव्हता, त्यामागे संतांनी घडवलेला समाज आणि राज्य उभारण्याची दृष्टी होती, असं त्यांनी पुराव्यांनिशी मांडलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी निबंध पूर्ण झाला. या वेळी कोणी शिष्यवृत्ती थांबवू शकत नव्हतं.

ग्रँट यांची अखेरची वर्षे

१८६८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या प्रिन्सिपलपदासाठी निवड होती. समोर उमेदवार होते क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे डॉ. जेम्स यंग सिम्प्सन. निवड ग्रँट यांची झाली. तिथे त्यांनी वैद्यकीय शाळेच्या नव्या इमारतींसाठी निधी उभा केला. सामान्य वाचकांसाठी झेनोफनवर आणि अॅरिस्टॉटलवर छोटी पुस्तकं लिहिली. १८८४ मध्ये विद्यापीठाच्या ३०० वर्षांचा मोठा सोहळा घडवून आणला आणि विद्यापीठाचा दोन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, ५८ व्या वर्षी, त्यांचं एडिंबरोला निधन झालं. रानड्यांचं पुस्तक त्यांना वाचायला मिळालं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ग्रीक, लॅटिन, संस्कृतसाठी जो शब्द ग्रँटसाहेब वापरत, तोच आता आपल्या भाषेला लागला. शाळेत आम्ही पेढे वाटले. पण दर्जा कागदावर मिळाला तरी भाषा टिकते ती मुलं तिच्यात खरं लिहितात तेव्हा. निबंधाच्या गाईडमधल्या ओळी उतरवतात तेव्हा नव्हे.

वर्गासाठी उपक्रम

या लेखावर आधारित काही गोष्टी मी करून पाहिल्या. आपणही करू शकता.

१. निबंधाला दोन वेगळे गुण द्यावेत. भाषेला वेगळे, मांडणीला वेगळे. मताला गुण नाहीत आणि मताचे गुण कापणेही नाही. मत पटलं नाही तर समासात 'कशावरून?' एवढाच प्रश्न लिहावा.

२. 'मध्य शोधा' हा खेळ. उधळपट्टी आणि कंजूषपणा यांच्या मध्ये काय? बडबड आणि मौन यांच्या मध्ये काय? मुलं फार छान उत्तरं देतात. एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं आली तर ती सगळी फळ्यावर लिहावीत.

३. सहल. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवर दाखवावा. पहिल्या चार पदवीधरांची नावे तिथेच सांगावीत. निबंधाची गोष्टही तिथेच सांगावी.

४. पालकांसाठी. मुलाने घरी तुमचं म्हणणं खोडलं तर लगेच "उलट बोलू नकोस" म्हणण्याआधी एकदा "का वाटतं तुला असं?" विचारून पाहा. उद्धटपणा आणि मतभेद यांत फरक असतो. तो मुलांना आपणच शिकवायचा आहे.

त्या वहीचं काय झालं?

मी ती वही परत मागितली. शेरा खोडला नाही. त्याच्याखाली तारीख घालून लिहिलं, 'तू खरे लिहिलेस. बाईंचे चुकले.' गुण दुरुस्त केले. मग रोज शेवटच्या तासाची दहा मिनिटं 'नंतर'च्या प्रश्नांसाठी राखून ठेवली. सकाळी ज्यांना 'नंतर' म्हटलं त्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि त्या दहा मिनिटांत पुसत जायची. रोज सगळी पुसली जातात असं नाही. परवाच दोन नावं राहिली. त्या मुलाने घरी जाताना आठवण करून दिली, "बाई, ती दोन उद्या पहिली हं."

आपल्या वर्गात असा एखादा निबंध आला असेल तर आपण काय केलंत, ते जरूर कळवा.